ऐनवेळचे लेनगुरे भाऊ

लेनगुरे भाऊंचा शोकप्रस्ताव पहिल्या फेरीत नामंजूर झाला.

झालं असं, की भाऊ गेल्यानंतरच्या बैठकीत अध्यक्षसाहेबांनी चष्मा काढला, आवाज जरा खाली आणला आणि म्हणाले, "आपल्या समितीचे माजी अशासकीय सदस्य दामोदर लेनगुरे यांच्या निधनाबद्दल ही समिती दुःख व्यक्त करते. सर्वांची संमती आहे ना?" अशा वेळी माणसं करतात तेच सगळ्यांनी केलं. माना खाली घातल्या. कोणी बोललं नाही. अध्यक्ष कागद उलटणार तेवढ्यात शेजारचे सचिव त्यांच्या कानाशी लागले. आमच्या समितीच्या नियमाप्रमाणे गप्प बसणं म्हणजे नकार, आणि हा नियम खुद्द लेनगुरे भाऊंनीच करून घेतलेला. मग अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने एकेक करून तोंडाने "हो" म्हटलं, आणि तेव्हा कुठे भाऊ अधिकृतरीत्या वारले. मला हसू फुटलं ते मी रुमालात घेतलं. शेजारच्या कृषीखात्याच्या साहेबांना वाटलं मी रडतेय. त्यांचंही अगदीच चुकलं नव्हतं.

मी त्या समितीत विशेष निमंत्रित. चंद्रपूरच्या एका लहानशा संस्थेत काम करते, जंगलातल्या गावांच्या ग्रामसभांबरोबर. विशेष निमंत्रित म्हणजे ज्याला पत्र येतं, चहा मिळतो, पण ज्याचं म्हणणं कोणी लिहून घेत नाही असा माणूस. समितीचं नाव वनालगतच्या गावांची विकास समन्वय समिती. कागदावर ती नुसती शिफारस करते. प्रत्यक्षात रस्ता कुठून जाणार, बांबूचा डेपो कुठे होणार, खाणीच्या ट्रकांना वाट कोणत्या गावाने द्यायची, हे तिथे ठरतं. पाण्याची समिती वेगळी, रस्त्याची वेगळी, जंगलाची वेगळी; माणसं मात्र तीच, फक्त खुर्च्या बदलून बसतात. एकीत विषय काढायचा, दुसरीत "तिकडे झालंच आहे" म्हणायचं, तिसरीत एकमेकांचं अभिनंदन करायचं. या माळेत बाहेरचा मणी सहसा ओवला जात नाही. लेनगुरे भाऊ ओवले गेले ते चुकून.

भाऊ लाल गाडीचे, म्हणजे एसटीचे, निवृत्त कंट्रोलर. जन्म गडचांदूरकडचा, नोकरी पार सिरोंच्यापासून घुग्घुसपर्यंत. बुटकी मूर्ती, पोट शरीराच्या जरा आधी पोचायचं, आणि भर मे महिन्यातसुद्धा अंगात सफारी. भोंगा सतत बिघडणाऱ्या बसस्टँडवर आयुष्य काढल्यामुळे आवाज असा, की त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट पलीकडच्या गल्लीत कळायची. बोलायला सुरुवात करण्याआधी ते "लक्ष द्या!" म्हणायचे. घरी भाजी वाढताना बायकोलाही "लक्ष द्या, मीठ कमी आहे." तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असला तरच माणूस गप्प. बैठकीच्या दिवशी अध्यक्षांचा ड्रायव्हर त्यांना आग्रह करकरून खर्रा खाऊ घालायचा, आणि तो पदरचा नसायचा, अशी कचेरीत वदंता होती.

त्यांचं बोलणं सगळं फलाटाच्या भाषेत. विषय मांडला की "फलाटावर लागला", मंजूर झाला की "सुटला", रखडला की "डेपोत गेला". मला दुपारी जेवायच्या वेळी त्यांचा फोन यायचा आणि भात गार होईपर्यंत चालायचा. नियमावलीतलं एखादं कलम वाचून दाखवायचं, मग त्याचा अर्थ, मग त्याचा दुसरा अर्थ, मग तो दुसरा अर्थ आजवर फक्त त्यांनाच कसा सुचला. खरं सांगते, मला त्यांचा कंटाळा यायचा. नंबर दिसला की मी आधी दोन घास मारून घ्यायची.

नियमांचं हे वेड नोकरीतच लागलेलं. सिरोंच्याला असताना भाऊ तेलुगू शिकले, म्हणजे चार शब्द शिकले. पुढे इकडे बदली झाल्यावर सिरोंच्याकडच्या बायका फलाटावर गोंधळलेल्या दिसल्या, की भाऊ भोंग्यावरून मोठ्या आपुलकीने त्यांना तेलुगूत "या, या" म्हणायचे. आता तेलुगूत "या" म्हणायला जो शब्द आहे, तो मराठीत कुठल्याही बाईमाणसाला उद्देशून उच्चारू नये असा आहे. भाऊ तो दोनदा उच्चारायचे, आणि तोही भोंग्यावरून. एक दिवस नेमक्या त्याच फलाटावर एका बड्या साहेबांच्या सौभाग्यवती उभ्या होत्या.

चौकशी लागली. भाऊंनी माफी मागावी आणि विषय मिटवावा असं सगळ्यांनी सुचवलं. भाऊंनी नियम काढला. सूचना प्रवाशाला समजेल अशा भाषेत द्यावी, असं त्यात लिहिलेलं. त्यांनी सिरोंच्याच्या दोन मासेवाल्या बायकांना साक्षीला उभं केलं. त्या म्हणाल्या, हा माणूस आम्हाला इतक्या वर्षांत मानाने बोलावणारा पहिलाच. भाऊ चौकशी जिंकले आणि त्याच आठवड्यात त्यांची बदली घुग्घुसच्या फाट्यावर कोळशाची धूळ खायला झाली. नियम जिंकायचा आणि खुर्ची गमवायची, ही त्यांची पद्धत तेव्हापासूनची.

समितीत ते कसे आले ते ऐका. खरा माणूस होता याच नावाचा एक कंत्राटदार. त्याला घ्यायचं वरून ठरलं होतं. पण आदेश काढताना कोणीतरी नाव तेवढं बरोबर लिहिलं आणि पत्ता निवृत्त कंट्रोलरचा घातला. चूक लक्षात येईपर्यंत भाऊ पहिल्या बैठकीला हजर राहून, सही करून, स्थानिक पेपरात फोटो छापून मोकळे झाले होते. कचेरीतून फोन आला, "भाऊ, जरा गडबड झाली." भाऊ म्हणाले, "गडबड तुमची, सदस्य मी. गाडी चुकीच्या फलाटावर लागली म्हणून काय चढलेल्या प्रवाशाले उतरवता का?" त्यांनी दारावर पितळी पाटी लावली, 'दामोदर लेनगुरे, सदस्य', आणि खाली समितीचं अख्खं नाव. पाटी दाराच्या मानाने इतकी मोठी होती, की कडी काढताना हात आपटायचा.

पहिले काही महिने ते नुसते बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की आमच्या समितीचा सगळा कारभार आलूबोंड्यावर चालतो. बैठकीत आधी अधिकाऱ्यांचे विषय, मग नाश्ता, आणि सर्वांत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. गावांची गाऱ्हाणी म्हणजे ऐनवेळचे विषय. हत्ती धानात शिरला, वनहक्काची मोजणी अडली, पूल वाहून गेला, हे सगळं ऐनवेळचं. वर्षानुवर्षं चालू असलं तरी ऐनवेळचंच. आणि ते येईस्तोवर आलूबोंडा खाऊन अर्धी समिती गाडीत बसलेली. गावाकडून आलेली माणसं रिकाम्या खुर्च्यांना आपलं दुःख सांगून शेवटच्या बसने परत जायची.

भाऊंनी ठराव टाकला. ऐनवेळचे विषय सर्वांत आधी, नाश्ता सर्वांत शेवटी. हॉलमध्ये चुळबुळ झाली. पण विरोध करायचा कोणी? करणाऱ्याला कबूल करावं लागलं असतं की आपण बोंड्यासाठी येतो. एका साहेबांनी "मधुमेह असणाऱ्या सदस्यांचा विचार व्हावा" असं सुचवून पाहिलं. भाऊ म्हणाले, "त्याईनं डबा आणावा." ठराव सुटला. त्या दिवसापासून आमच्या जिल्ह्यात गावांचं म्हणणं उपाशीपोटी ऐकलं जाऊ लागलं. मी हे एका परिसंवादात सांगितलं तर टाळ्या पडल्या. भाऊंना मात्र मी त्यांचं नाव पुरेसं मोठ्याने घेतलं नाही असं वाटलं, आणि ते आठवडाभर रुसले.

मग आला येरमेटोल्याच्या ट्रकतळाचा विषय. येरमेटोला हे रस्त्याला लागून असलेलं लहानसं गोंड गाव. गावाच्या कडेला मोहाची झाडं, प्रत्येक घराची झाडं वाटून दिलेली, आजोबा-पणजोबांपासून. उन्हाळ्यात फुलं गळायला लागली की अख्खं गाव उजाडायच्या आत तिथे. त्या फुलांवर घराचं मीठ-मिरची, कपडालत्ता, देवाचं कार्य, सगळं. समितीच्या कागदात मात्र त्या जागेचं नाव 'पडीक'. कोणी पेरलेलं दिसत नाही म्हणून पडीक. खाणीचे ट्रक रस्त्यावर रांगा लावतात, त्यांना उभं राहायला ही पडीक जागा द्यावी, असा प्रस्ताव. झाडं जाणार हे ओघानेच आलं, म्हणून लिहिलेलं नव्हतं.

त्या बैठकीला येरमेटोल्याची माणसं मुद्दाम बोलावलेली होती, कारण 'संबंधित गावकऱ्यांना विश्वासात घेऊन' असं वाक्य पुढे लिहायचं असतं. त्यांच्यात पुढे जैनीबाई, ग्रामसभेच्या अध्यक्ष. उंच, काटक, आणि जरा तिरसटच. अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला, गोड आवाजात विचारलं, "गावकऱ्यांची काही हरकत?" जैनीबाई समोर बघत बसल्या. त्यांची माणसं समोर बघत बसली. मी खुणा केल्या, भाऊ तर खुर्चीत अर्धे उठले. कोणी हूं की चूं केलं नाही. "हरकत नाही. सर्वानुमते मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीवर भाऊ जैनीबाईंवर तुटून पडले.

"काऊन हो बाई, तोंडाले कुलूप लागलं होतं का? इतल्या दुरून आले अन् मिठाची गुळणी धरून बसले!"

जैनीबाई भडकल्या. "आमी नाई म्हणलं ना."

"कवा म्हणलं?"

"त्यानं इचारलं तवा. आमच्यातलं एक तरी माणूस बोललं का? कोणीच नाई बोललं. अजून कसं सांगाचं असते नाई म्हणून?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी जैनीबाईंकडे. त्यांनी लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. गावात सभा बसते, कोणी एक गोष्ट मांडतो. पटली तर माणसं बोलतात, हाव, म्हणजे हो, म्हणतात. नाही पटली तर कोणी बोलत नाही. मग सभा उठते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते, सगळ्यांच्या तोंडून हाव येईपर्यंत.

"मांडणाऱ्याच्या तोंडावर नाई म्हणाव का? त्याचा पाणउतारा होते," जैनीबाई म्हणाल्या. "आमी सारे गप्प राह्यलो. त्यानं समजाले पाह्यजे होतं का याईले पटलं नाई, उद्या परत इचारू."

"उद्या कोण इचारते बाई! तिकडं कागदावर चढलं बी!"

"मंग त्याले रीत माहीत नाई," असं म्हणून जैनीबाईंनी बशीत चहा ओतला.

समितीला गावाची रीत ठाऊक नव्हती आणि गावाला समितीची. फरक इतकाच, की शिक्का समितीकडे होता. भाऊंनी खर्रा घोटायला घेतला होता, तो हातातच राहिला. "बाई," ते मला म्हणाले, "मंग आतापर्यंत आपण ज्या ज्या गावाईचं सर्वानुमते केलं..." पुढचं त्यांनी बोलून पुरं केलं नाही. अशा किती 'सर्वानुमते'च्या वेळी मी त्या हॉलमध्ये बसलेली होते, आणि गावकऱ्यांना बोलायला धीर होत नाही, त्यांचं सक्षमीकरण व्हायला हवं, असे अहवाल लिहिले होते.

पण भाऊंना दुःख फार वेळ झेपत नसे. येरमेटोल्याच्या कळवळ्यापेक्षा नियमात फट सापडल्याचा आनंदच त्यांना जास्त झाला असावा, अशी मला शंका आहे. पुढच्या बैठकीपर्यंत त्यांनी मला रोज जेवू दिलं नाही.

पुढची बैठक. ऐनवेळचे विषय आता सर्वांत आधी, हे लक्षात असू द्या. भाऊ खर्रा थुंकून, तोंड धुऊन आले होते. उभे राहिले. "लक्ष द्या! ठराव. यापुढे या समितीत मौन म्हणजे संमती धरू नये. ज्याले पटलं त्यानं तोंडानं हो म्हणावं, अन् त्याचं नाव लिहावं. गप्प बसला तो नकार."

लक्ष कोणीच दिलं नाही. बांधकामवाले मोबाइलवर बोट फिरवत होते, वनखात्याचे साहेब शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावत होते. लेनगुरे उभे राहिले की मनाने बाहेर जायचं, ही सवय सगळ्यांनी लावून घेतली होती. अध्यक्षांनी मान वर न करता सवयीने विचारलं, "कोणाची हरकत? नाही. पुढे..."

"सर्वानुमते मंजूर!" भाऊंनी फलाटावरून ओरडावं तसं ओरडून सांगितलं, आणि सचिवांच्या पेनाने, तेही सवयीनेच, लिहून टाकलं.

अध्यक्षांची मान वर आली. "म्हणजे काय? थांबा, थांबा. अहो लेनगुरे, मौनं संमतिलक्षणम् असं शास्त्रात..."

"होतं साहेब. आत्ता याच मिनटाले बदललं. तुमच्याच मौनानं."

पुढचा विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. म्हणजे मागच्या वेळी जे ठरलं ते पक्कं झालं असं म्हणायचं, आणि त्यातच येरमेटोल्याचा ट्रकतळ. अध्यक्ष म्हणाले, "इतिवृत्त कायम?" सगळे गप्प. भाऊ म्हणाले, "नामंजूर." अध्यक्ष चिडले, "अहो, हो म्हणा ना कोणीतरी!" सचिवांनी पेन उघडं धरलं. "साहेब, जे हो म्हणतील त्यांची नावं सांगा, लिहायची आहेत."

तिथेच गाडी पंक्चर झाली. कारण गंमत अशी, की त्या हॉलमध्ये आजवर एकाही माणसाने कशालाही हो म्हटलेलं नव्हतं. फक्त नाही म्हटलेलं नव्हतं. डोंगर खणले गेले, रस्ते झाले, गावं हलली, सगळं आपोआप झालं होतं. उद्या कोणी कोर्टात गेलं, वर चौकशी लागली, तर 'समितीचा निर्णय' एवढंच सापडायचं. आता तोडायच्या झाडाशेजारी स्वतःचं नाव लागणार म्हटल्यावर बांधकामवाल्यांचा घसा नेमका बसला. वनखात्याचे साहेब म्हणाले आधी महसूलने बोलावं. महसूलचे म्हणाले वनखातं ज्येष्ठ आहे. आलूबोंडे बाहेर थंड होत होते. ट्रकतळ पडला.

येरमेटोल्यात भाऊंची अपेक्षा सत्काराची होती. जैनीबाई म्हणाल्या, "त्यात काय? आमी तं तवाच नाई म्हणलं होतं." तरी गावाने त्यांना मानाने बसवलं. भाऊंनी गणपूर्ती, इतिवृत्त आणि स्वतःचं चातुर्य यावर दीर्घ भाषण केलं. निम्मं गाव बसल्या जागी झोपलं, पण उठून कोणी गेलं नाही. घरी काकूंनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, नवा नियम तत्काळ लागू केला. त्यांनी विचारलं, "वांग्याची भाजी कशी झाली?" भाऊ तोंडात घास म्हणून गप्प. काकूंनी ताट उचललं. "बोलले नाई म्हणजे नामंजूर." त्यानंतर भाऊ त्या घरात सगळ्याला मोठ्याने "हो, हो" म्हणताना ऐकू यायचे.

समितीला हे सहन होणं शक्यच नव्हतं. नियम रद्द करावा असं सगळ्यांना वाटे. पण रद्द करायचा तर कोणीतरी नावानिशी "हो" म्हणायला हवं, आणि घोडं तिथेच अडे. मग त्यांनी नियमाला हात न लावता माणूस बदलला. समितीची पुनर्रचना झाली. नव्या आदेशात नाव तेच होतं, दामोदर लेनगुरे. पत्ता मात्र या खेपेला बरोबर कंत्राटदाराचा होता. भाऊंनी पितळी पाटी काढली नाही. 'सदस्य' या शब्दाच्या आधी 'मा.' एवढं कोरून आणलं. माजी की माननीय, हे वाचणाऱ्याने ठरवावं. मी हसले तर म्हणाले, "हसता काय बाई, व्याकरणात बसते."

मग एक दिवस मीच त्यांना फोन केला, हे नवलच. ट्रकतळ परत आला होता. येरमेटोल्यात नाही, त्याच रस्त्यावर चार मैल खाली, कोंडेगुड्याच्या मोहांवर. भाऊ आधी खूश झाले. "येऊ द्या ना! कोण हो म्हणते पाहू." मी सांगितलं, या वेळी त्यांनी आपसात ठरवलंय, सगळ्यांनी एकदम, एका सुरात हो म्हणायचं, म्हणजे कोणा एकाचं नाव पुढे राहत नाही. आणि कोंडेगुड्याच्या लोकांना बोलावलेलंच नाही. समोर कोणी गाव बसलेलं नसलं की एका सुरात म्हणायला जड जात नाही.

पलीकडे खर्रा थुंकल्याचा आवाज आला.

"बाई," भाऊ म्हणाले, "गप्प बसाले बी अंदर असावं लागते. मले हे दिसलंच नाई. नियम अर्धाच झाला." मग म्हणाले, "म्या येरमेटोल्याचं ओझं उचललं अन् कोंडेगुड्याच्या डोक्यावर ठेवलं. मस्त काम केलं म्या." त्यांचा आवाज त्या दिवशी खरंच कानात सांगितल्याएवढा होता. एरवी त्यांची टिंगल माझ्या जिभेवर तयार असायची.

बैठकीच्या दिवशी मी कचेरीच्या जिन्याशी पोचले तर वरच्या दारात गर्दी. भाऊ, आणि त्यांच्यामागे कोंडेगुड्याची दहाबारा माणसं, बाया जास्त. भाऊ आठवडाभर रोज बसने त्या गावात जात होते. पहिल्या दिवशी लोकांनी त्यांना खाणीचा दलाल समजून पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. दारातला शिपाई म्हणत होता, "यादीत नाव नाई, तं अंदर बोलता येत नाई भाऊ. निमंत्रिताशिवाय कोणी बोलू नये, असं लिहून आहे."

"बोलाचं कोणाले आहे?" भाऊ म्हणाले. "हे बोलाले नाई आले. गप्प बसाले आले. गप्प बसाले मनाई आहे असं कुठी लिहून असन तं दाखव."

शिपाई दारावरचा कागद वरून खाली वाचत राहिला. मग तो बाजूला झाला. कोंडेगुड्याची माणसं चपला काढून आत गेली आणि भिंतीला लागून बसली. मी भाऊंना म्हटलं, "चला."

"मी नाई येत."

"अहो, इतकं करून?"

"मी अंदर गेलो का तोंड उघडतो बाई. मले माहीत आहे ना मी कसा आहो ते. मी तोंड उघडलं का त्याईले बहाना भेटते, साऱ्याईले बाहेर काढाले." एवढं बोलून त्यांनी खिशातून खर्रा काढला, नेहमीच्या दुप्पट गालात भरला आणि जिना उतरून गेले. ज्या माणसाचा जीव त्या हॉलमध्ये उभं राहून बोलण्यात होता, तो स्वतःच्या पायांनी खाली गेला. मला त्यांच्याविषयी त्या क्षणी जे वाटलं ते निव्वळ प्रेम होतं, आणि त्यांना ते सांगायला हवं होतं.

आत विषय निघाला. अध्यक्षांनी भिंतीकडे न बघण्याचा प्रयत्न करत विचारलं, "कोंडेगुडा येथील पडीक जागेवर ट्रकतळ. मंजूर?" आता तो ठरलेला सूर लागायचा होता. भिंतीशी बसलेली माणसं वाट बघत होती. रागाने नाही, कोण हाव म्हणतंय हे बघायला त्यांच्या रीतीप्रमाणे एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. टेबलाच्या एका टोकाकडून "हो" असा एकच आवाज निघाला, बांधकामवाल्यांचा. बाकीचे मूग गिळून बसलेले.

"नाव लिहू का साहेब?" सचिवांनी विचारलं.

"नाही, नाही," ते म्हणाले, "मी खोकलो."

विषय पडला. ट्रकतळाला अजून गाव मिळालेलं नाही, आणि त्या बैठकीपासून ज्या गावाचा विषय असेल त्या गावाला आत बसू द्यावं लागतं. नियम कोणी केला म्हणाल तर कोणीच नाही, शिपाई अडवत नाही एवढंच.

मी उठून खिडकीशी गेले. भाऊ खाली, साहेबांच्या गाड्या उभ्या असतात तिथे, मान वर करून आमच्याच खिडकीकडे बघत होते. मी त्यांना पाहिलं ते शेवटचंच. गाल फुगलेले. त्यांनी हाताने विचारलं, काय झालं? मी मान हलवली, नाही. ते मटकन पायरीवर बसले. मला वाटलं, उलटं तर समजले नाहीत? पण ते हसत होते. दोन्ही हात पोटावर, पोट गदागदा हलतंय, डोळ्यांतून पाणी, आणि तोंड मात्र घट्ट मिटलेलं, कारण बैठक अजून संपली नव्हती.